खाडीच्या लग्नाची टेप

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. घणसोली गावात देवजीच्या घरी, फ्रिजवर माझी जागा आहे. देवजीची बायको गोजरा गेली, हे मला कोणी सांगितलं नाही. दुपारची भांडी झाली की ती पदराने माझी धूळ पुसायची आणि बटण दाबायची. त्या दुपारी ती आली नाही. तिची सून सुचिता आली आणि तिने माझ्यावर टॉवेल टाकला. सुतकाच्या घरात गाणं वाजत नाही. तेव्हा मला कळलं.

मित्रांनो, माझा जन्म तळोज्याच्या एका शेडमधला. देवजीने पहिला डंपर घेतला, त्याच महिन्यात त्याने मलाही घरी आणलं. मला दोन मोठे स्पीकर होते आणि आवाज भरून घ्यायला एक छोटा माईक होता.

त्या माईकसाठी पुतळाबाई आमच्याकडे आली. ती गोजराची मैत्रीण. लग्नात प्रत्येक विधीला त्याचा त्याचा धवला, म्हणजे लग्नगीत, गाणारी धवलारीण. पण तिच्या डोक्यात वेगळंच काहीतरी होतं. तिला आपल्या खाडीचं लग्न लावायचं होतं. नवरी खाडी, आणि मागणीपासून पाठवणीपर्यंतची सगळी गाणी ओळीने एकाच टेपमध्ये. मागच्या पडवीत बसून तिने ती माझ्यात भरली. मिठागरातलं फावडं पत्र्यावर ओढून ताल धरला. रिकाम्या मडक्यात फुंकून वारा काढला. गोजरा मागे साथीला होती. हळदीच्या गाण्याला मात्र पुतळाबाईला डंपर हवा होता.

"भावजी, तुमची गारी जरा मागं घ्या ना," ती देवजीला म्हणाली.

"गाना बोलतंस का पार्किंग करतंस?" देवजी हसला. पण त्याने डंपर मागे घेतला. मागे येताना वाजणारी त्याची धून मी भरून घेतली.

ते हळदीचं गाणं गावात फार चाललं. कोणाचीही हळद असली की देवजी मला खांद्यावर घेऊन जायचा. "ऐका, माझी गारी वाजतंय," असं सगळ्यांना सांगायचा आणि सर्वांत पुढे नाचायचा. टेप पुढे पळवून नेमकं तेच गाणं काढायची त्याच्या बोटाला सवय झाली होती. बाकीची गाणी माझ्या पोटातून सरसर पळून जायची. ती सगळी माझ्यासमोरच गायलेली होती. तरी मला टाळ्या आवडायच्या आणि मीही हळदीचीच वाट बघायचो. आज त्याची लाज वाटते.

गोजरा म्हणायची, "एकदा पयल्यापासून ऐका ना. मी बसते बाजूला."

"ऐकू गो. टेप कुठं पलून चाललीय?"

पुढे हळदीला डीजे आले आणि मी फ्रिजवर गेलो. मुलगा हितेश म्हणायचा, "बाबा, याला भंगारवाला पन हात लावनार नाय." देवजी हसायचा. गोजरा हसायची नाही. दुपारी सगळे झोपले की ती हळू आवाजात टेप लावायची आणि एकही गाणं पळवायची नाही.

तेरावं झाल्यावर एका सकाळी सुचिता स्वयंपाकघरात जवळा निवडायला बसली होती. देवजी समोर खुर्चीत होता. घर फार गप्प होतं.

"बाबा, आईंची टेप लावू?"

त्याने होकारार्थी मान हलवली. सुचिताने माझ्यावरचा टॉवेल काढला आणि बटण दाबलं. गोजराने जिथे थांबवली होती तिथून टेप सुरू झाली. नवरी निघायच्या तयारीत होती. ती विचारत होती, माझे खेकडे, माझी निवटी मासळी आता कोणाच्या ओटीत टाकू?

"ही कुठली टेप?" देवजीने विचारलं.

"तीच की. हळदीची."

"यात ह्या गाना कुठं व्हता?"

सुचिताने टेप सुरुवातीपर्यंत मागे नेली. नव्या शहरासाठी मागणी घेऊन पाहुणे आले, हातात नकाशा होता. सगळ्यांनी होकार दिला. खाडीला कोणी विचारलं नाही. मग हळद आली. डंपर मागे मागे येतो आणि नवरीच्या अंगावर लाल मुरूम ओततो. गुडघ्यापर्यंत, गळ्यापर्यंत. ती म्हणते, बास करा, श्वास कोंडतोय. आणि पाहुणे नाचतात.

या हळदीच्या गाण्यातला एकही शब्द देवजीला नवा नव्हता. याच शब्दांवर तो इतकी वर्षं नाचला होता. पार द्रोणागिरीपर्यंत त्याने खाडीत भराव टाकला होता. त्याच्या डंपरची धून आली तेव्हा त्याने मान खाली घातली.

"गोजराला म्हाईत व्हतं," तो म्हणाला. "आनि मी गावभर सांगत फिरलो, माझी गारी, माझी गारी."

सुचिता खालीच बघत होती. "आई बोलायच्या, मी सांगून काय उपेग? त्यांनी ऐकाला पायजे."

गोजराने जिथे थांबवलं होतं ती जागा आली. देवजी उठला आणि त्याने बटण दाबलं.

"पुढचा पुतळासमोर ऐकू. आदी तिच्याकडं जाऊन येतो."

मित्रांनो, तुमच्याही घरात कोणीतरी मन लावून काही केलेलं असेल. आपल्याला आवडतं तेवढंच त्यातून काढून घेऊ नका. ते माणूस आहे तोवर त्याच्या बाजूला बसा आणि एकदा पहिल्यापासून ऐका.

पुतळाबाईचं घर दोन गल्ल्या सोडून आहे. देवजी रोज सकाळी चपला घालतो आणि दारातून परत येतो. टेप माझ्यात तिथेच थांबली आहे. पाठवणी ऐकायची राहिली आहे.