पाय लावलेली सीट

दीपकच्या घरी तेजल जन्मली, त्या वर्षीची ही गोष्ट. बारशाला अर्धं सायखेडा जेवून गेलं, पण आजीला, दीपकच्या आईला, पाळण्याची दोरी काही ओढता आली नाही. कुसाबाईचं हृदय तेव्हाच थकलं होतं. आडवं झालं की श्वास कोंडायचा. नाशिकच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "आजींना सपाट झोपवू नका. मागे रेलून बसवा."

उशा रचल्या, त्या घसरल्या. आरामखुर्ची आणली, तिच्यात म्हातारी कमरेतून मुडपायची. शेवटी दीपकने आपल्या जुन्या गाडीची पुढची डावी सीट खोलली. बोल्ट काढले, खालची वायर सोडवली आणि सीट उचलून पडवीत मांडली. तिची पाठ हवी तेवढी मागे जाई. कुसाबाईचा डोळा लागू लागला.

शेजारची नवसाबाई येता-जाता विचारी, "काय गं कुसे, कुठवर आली गाडी?"

"चांदोरीपत्तोर. रोज तिथंच बंद पडती बघ. डायवर झोपतो ना!" आणि ती नवऱ्याकडे, सावळीरामकडे, बोट दाखवी.

सीटला खोडी दोन. खालच्या लोखंडी पट्ट्या फरशीवर डुगडुगत, आणि बैठक इतकी ठेंगणी की उठताना तिला धाप लागे. सावळीरामला ते बघवेना. बायकोच्या दुखण्यापुढे त्याला करण्याजोगं दुसरं काही उरलंच नव्हतं. दीपक मळ्यात गेलेला पाहून त्याने सीट हातगाडीवर घातली आणि वेल्डिंगवाल्या किशोरकडे नेली.

"नाना, परत गाडीला बसवायची का ही?"

"आता कशाला गाडीला? पाय लाव चांगले भक्कम."

किशोरने पट्ट्यांना, बोल्टच्या भोकांवरच, चार पाय जोडून दिले. कुसाबाई बसली, तळवे टेकवून बघितले आणि म्हणाली, "आता कसं राणीवानी!" सावळीराम दिवसभर खुशीत होता. दीपक रागावला नाही, कारण त्याने सीटखाली वाकून पाहिलंच नाही. वरून गोधडी पसरलेली असे.

पौषात एका सकाळी कुसाबाईचे ओठ निळे पडले. फोन केला, तर अँब्युलन्स दुसऱ्या गावाला गेलेली. दीपकने गाडी दारात लावली. "सीट बसवतो. आई तिच्यावरच नीट जाईल."

वैष्णवीने सासूला भिंतीशी टेकवून धरलं. दीपकने सीट आडवी केली आणि पाय बघितले.

"नाना, हे काय करून ठेवलंय?"

"लय डुगडुगत होती रं."

"अहो, भोकंच बुजवली! बोल्ट घालू कुठं?"

तशीच आत घालून बघितली. पाठ छताला अडली. करवत चालवली, लोखंडावर नुसते ओरखडे उठले. किशोरकडे ग्राइंडर होता, पण लाईट गेलेली. सावळीराम हातात पाना धरून उभा होता. कोणी मागेल, म्हणून. कोणी मागितला नाही.

"ऱ्हाऊ द्या आता," कुसाबाई म्हणाली. "मागं बसते. तुम्ही धरा मला."

मागच्या बाकावर सावळीराम दाराला पाठ लावून बसला आणि तिला छातीशी घेतलं. पण त्याची छाती म्हणजे काही सीटची पाठ नव्हती. खड्डा आला की ती घसरे, मान पुढे पडे, तो पुन्हा ओढून घेई.  समोर सीटची रिकामी जागा, आणि तिथली सुटी वायर हलत होती.

"कुठवर आलो?" तिने विचारलं.

"चांदोरी आली."

"आज बंद नाय पडली."

"डायवर जागा हाय आज," तो म्हणाला. ती हसली का, ते त्याला दिसलं नाही. तिचं डोकं त्याच्या हनुवटीखाली होतं.

पुढे दीपकने किशोरकडून पाय कापून घेतले, भोकं नव्याने पाडली आणि सीट होती तिथे घट्ट बसवली. सावळीराम अजून गाडीत मागेच बसतो.

कुसाबाई त्याच सकाळी, पौष महिन्यात, चांदोरी ओलांडल्यावर नाशिकच्या वाटेवर वारली. तेजल तेव्हा रांगतही नव्हती.