शरदिनीवन्संची पाठ

ऋताच्या पाठीतला बाक पहिल्यांदा दिसला तो माझ्या नणंदेला, शरदिनीवन्संना. मी तिची आई, तिला रोज न्हाऊ घालणारी, पण मला दिसला नव्हता.

९३ साली ऋता बारा वर्षांची होती. आम्ही उत्तरेतल्या घाटांच्या तीर्थक्षेत्री, दूधविनायक मोहल्ल्यात राहायचो. माझे यजमान, वेणीमाधव, दुर्गाघाटावर पूजाअर्चा सांगत. त्यांची थोरली बहीण शरदिनी मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. वन्संनी लग्न केलं नव्हतं. त्यांची पाठ एका बाजूला वाकलेली होती आणि दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन त्या ती झाकत. घरात त्याबद्दल कुणी बोलत नसे. मी साताऱ्याहून लग्न होऊन आले, तेव्हा सासूबाईंनी एवढंच सांगितलं होतं, "तिला पाठीचं काही विचारू नकोस."

गुढीपाडव्यासाठी वन्सं ऋताचा परकर शिवत होत्या. घेर सरळ कापलेला, तरी अंगावर घातला की एका बाजूने खाली यायचा. दोनदा उसवून झाला. मग त्यांनी सुई खाली ठेवली आणि म्हणाल्या, "ऋता, पाठ कर माझ्याकडे. आता वाक. हात खाली सोड."

ऋता वाकली. वन्संनी तिच्या पाठीवरून दोन्ही तळवे फिरवले. उजव्या बाजूच्या फासळ्या वर आल्या होत्या, डावीकडे खोलगट झालं होतं. त्यांचे हात तिथेच थांबले.

"इंदू, उद्या मी शाळेतून रजा घेते," त्या मला म्हणाल्या. "हिला घेऊन मोठ्या हॉस्पिटलात जाऊ."

यजमान जेवायला बसले होते. ते म्हणाले, "ताई, वाढत्या वयात मुली पोक काढून चालतात. होईल सरळ आपोआप."

"अप्पा माझ्याबद्दल हेच म्हणाले होते, बाळ," वन्संनी माझ्या सासऱ्यांची आठवण दिली. "मी तेव्हा एवढीच होते."

दुसऱ्या दिवशी रिक्षा ठरवायला यजमानच पुढे गेले.

हॉस्पिटलात एक्सरे निघाला. डॉक्टरांनी तो खिडकीच्या उजेडात धरून दाखवला. कण्याला मधोमध बाक होता. त्याला स्कोलिओसिस म्हणतात, चुकीच्या बसण्याने किंवा दप्तराने तो होत नाही, असं ते म्हणाले. ऑपरेशन करण्याइतका तो नव्हता, पण मुलगी अजून वाढत होती आणि तिच्याबरोबर बाकही वाढण्याचा धोका होता. वाढ थांबेपर्यंत छाती-कमरेला प्लास्टिकचा घट्ट बेल्ट बांधायचा, जवळजवळ पूर्ण दिवस. सोबत रोज व्यायाम आणि अधूनमधून तपासणी.

"सीधा हो जाएगा?" मी विचारलं.

"वादा नहीं कर सकता," डॉक्टर म्हणाले. "बढ़ने से रुक जाए, तो भी बहुत है."

परत येताना वन्सं ऋताला पटापटा समजावत होत्या, जणू वर्गात नवा धडा काढलाय.

बातमी गल्लीत पसरली आणि उपाय सांगणारे येऊ लागले. कुणी म्हणालं फळीवर झोपवा, कुणी म्हणालं नवस बोला. एका आखाड्यातले पहलवान हाडं बसवायचे. ते पाठीला झटका देऊन सगळं जागेवर आणतो म्हणाले. वन्संनी हात जोडून त्यांना नको म्हटलं. मालिशला मात्र त्यांनी कधी ना केली नाही. "तेलाने बरं वाटतं, झोप लागते, म्हणून लावू," त्या म्हणायच्या. "कणा तेलाने हलत नाही, हे मनात पक्कं असू दे."

घरात जे होतं त्यातूनच त्यांनी व्यायामाची सोय केली. कपाटाचं आरशाचं दार उजेडाकडे फिरवलं. त्याच्यासमोर छतापासून दोरा सोडून खाली कुलूप बांधलं, म्हणजे आपण कुठे कलतो ते ऋताला दिसावं. कुशीखाली घ्यायला जुन्या सतरंजीची वळकटी केली. हॉस्पिटलातल्या फिजिओथेरपीच्या बाईंकडे त्या स्वतः बसून एकेक व्यायाम शिकून आल्या. बेल्टच्या आत घालायला सुती साड्यांच्या बंड्या शिवल्या, शिवणी बाहेरच्या बाजूला, म्हणजे कातडीला टोचू नयेत. त्यातली एक बंडी वाळत घातलेली असताना माकडाने पळवली. पलीकडच्या गच्चीच्या कठड्यावर ते ती गळ्यात अडकवून बसलं, तेव्हा ऋता बेल्ट घातल्यापासून पहिल्यांदा पोट धरून हसली. बेल्टमुळे तिला नीट वाकताही येईना, म्हणून आणखीच हसू आलं.

पण पुढच्या उन्हाळ्यात ऋताचा धीर सुटला. जेठाचा महिना, बिजली गेलेली, गल्लीत वाऱ्याचा पत्ता नाही. बेल्टखाली घामोळ्यांनी अंग लाल झालं होतं. शाळेत मुली पाठीवर टकटक करून "कौन है अंदर?" म्हणायच्या. त्या दुपारी तिने बेल्टचे पट्टे सोडले आणि तो कोपऱ्यात भिरकावला.

"मुझे नहीं पहनना! राहू दे मला वाकडी. आत्या नाही का राहिली?"

मी तिच्यावर हात उगारला. वन्संनी माझं मनगट धरलं.

"इंदू, दार लाव," त्या म्हणाल्या.

मी दार लावलं. वन्संनी पदर काढला, पोलक्याच्या गुंड्या सोडल्या आणि आमच्याकडे पाठ करून पाटावर बसल्या. इतकी वर्षं एका घरात राहून मी ती पाठ कधी पाहिली नव्हती. एका बाजूला फासळ्यांचा उंचवटा होता आणि दुसरीकडे एवढा खळगा, की त्यात मूठ बसेल.

"हात लाव," त्या ऋताला म्हणाल्या.

ऋता हलेना. मग हळूच तिने बोट टेकवलं.

"दुखतं, आत्या?"

"कधीकधी. जिना चढताना दम लागतो. मी मधल्या पायरीवर थांबून तुझ्याशी गप्पा मारते ना, ते त्यासाठी." वन्संचा आवाज नेहमीसारखाच होता. "मी वाकडी राहिले म्हणून माझं काही अडलं नाही, ऋता. नोकरी केली, तुला वाढवलं. पण मला काही करता येतंय, हे कुणी सांगितलंच नाही. तुला सांगितलंय. आता तू ठरव. मी जबरदस्ती करणार नाही."

ऋता रडू लागली. वन्सं मागे न वळता म्हणाल्या, "तो श्वासाचा व्यायाम तुला जमत नाही म्हणतेस ना? खोल गेलेल्या बाजूला हवा भरायचा? तळहात ठेव त्या खळग्यावर. आणि थांब."

त्यांनी सावकाश श्वास घेतला. ऋताचा तळहात पाठीबरोबर किंचित वर आला.

"आत्या! हललं!"

"हलणारच. तू उठायच्या आधी रोज करते मी. आधी स्वतःला आलं तरच शिकवता येतं."

मला तेव्हा कळलं, की फिजिओच्या बाईंकडून शिकलेला प्रत्येक व्यायाम वन्संनी आधी त्या वाकलेल्या शरीरावर करून पाहिला होता. डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं की तुमचं हाड आता बदलणार नाही. तरीही.

ऋताने डोळे पुसले. म्हणाली, "आज संध्याकाळपर्यंत नको. कातडी फार जळतेय."

"बरोबर आहे," वन्सं म्हणाल्या. "त्या बाई पण म्हणाल्या होत्या, लाली ओसरेपर्यंत काढून ठेवा. अंगाला गार पाणी लाव, नीट कोरडं कर. मग घाल."

संध्याकाळी तिने बेल्ट स्वतःच आणला आणि पट्टे ओढायला माझ्यापुढे उभी राहिली.

त्यानंतरही ती रुसली, चिडली, एकदा तर बेल्ट पलंगाखाली लपवून मामाकडच्या लग्नाला निघाली होती. पण सोडला नाही. आत्या-भाची सकाळी आरशासमोर शेजारी शेजारी उभ्या राहत. एकीचा कणा अजून कोवळा, दुसरीचा केव्हाच घट्ट झालेला. स्वयंपाकघरातून मला दोघींचे श्वास ऐकू येत, आणि मी पोळी लाटता लाटता थांबून ऐकत राही.

९७ साली ऋताची वाढ थांबली. शेवटचा एक्सरे डॉक्टरांनी पहिल्या एक्सरेशेजारी ठेवला. बाक होता तिथेच होता, वाढला नव्हता.

"ऑपरेशन की ज़रूरत नहीं," ते म्हणाले. "बेल्ट धीरे-धीरे छोड़ दो. व्यायाम मत छोड़ना."

"पण सरळ नाही झाला," ऋता बाहेर आल्यावर म्हणाली.

"नाही झाला," वन्सं म्हणाल्या. "चार वर्षं तू त्याला पुढे सरकू दिलं नाहीस. एवढं मोठं काम मी अजून कुणाचं पाहिलं नाही."

आम्ही अस्सी घाटावरून नावेने परतलो. ऋता पुढे बसून नाववाल्याशी हिंदीत गप्पा मारत होती. माझ्या मनात किती दिवस होतं ते मी विचारलं.

"वन्सं, हिला सगळं मिळालं, तुम्हाला नाही. कधी वाईट नाही वाटलं?"

"पहिल्या दिवशी वाटलं," त्या म्हणाल्या. "परकर हातात होता तेव्हा. मग हिचा बेल्ट, हिचे व्यायाम... इंदू, वेळच कुठे मिळाला?"

दुर्गाघाट आला. ऋता आधी उतरली आणि आत्याला हात द्यायला वळली. वन्सं म्हणाल्या, "मला नको. आईला दे, ती घाबरते." आणि खरंच, नाव हलत होती आणि मी काठ घट्ट धरून बसले होते.