हात ढिला सोडा

"न्हाई जात!" मल्हारीने फियाटच्या इंजिनाखालून हात ओढून काढला. मनगटापर्यंत सोलून निघाला होता. "हात हाय का फावडं हाय, देवालाच ठावं."

शेजारच्या बांगड्यांच्या गाळ्यात झुंबरबाई सकाळपासून हेच ऐकत होती. न्हावऱ्याच्या फाट्यावर एकाच पत्र्याच्या शेडात नवऱ्याचं गॅरेज आणि बायकोच्या बांगड्या. मधे नुसता पडदा. कासाराच्या घरात जन्मून मल्हारीने पान्हा धरला आणि सासऱ्याची गादी सुनेकडे आली. गाडी ढकलताना कुणी मागे सरलं की मल्हारी ओरडायचा, "हातात बांगड्या भरल्यात का रं?" पडद्याआड तिला ते दर वेळी झोंबायचं. बांगड्या भरून झाल्या की बाई कासारणीला वाकून नमस्कार करते, मग ती बाई वयाने केवढीही थोर असो. मल्हारीला त्याचंही हसू यायचं.

आज मात्र तिला राग नव्हता, धास्ती होती. गाडी खुटबावच्या बबनरावांची. उद्या त्यांची नात अक्षदा याच जुन्या फियाटमधून सासरी जायची होती, आणि आज झुंबरबाईने खुटबावला जाऊन तिला हिरवा चुडा भरायचा होता. पण इंजिन ज्या रबरी माउंटिंगवर बसतं तेच फाटलेलं. गाडी सुरू केली की गिअरचा दांडा नुसता नाचायचा. इंजिन उतरवल्याशिवाय हे व्हायचं नाही, असं सांगून बाकीच्या गॅरेजवाल्यांनी हात वर केले होते. मल्हारीने छाती ठोकून गाडी घेतली होती. सकाळच्या चहाला तो बायकोला म्हणाला, "हे जमलं न्हाई तर शटर ओढतो. जाऊ पोराकडं रांजणगावला."

पोरगा राहायचा चौथ्या मजल्यावर. तिथे तिच्याकडे बांगड्या भरायला कोण येणार होतं?

जॅकवर लाकडी ठोकळा ठेवून इंजिन उचललं होतं. जुनं माउंटिंग कापून काढलं, नवं जागेवर बसलं. राहिला होता एकच नट, तोही स्टिअरिंगच्या पेटीमागे. पहिले आटे बोटांनी लागल्याशिवाय तिथे पान्ह्याचा उपयोग नव्हता, आणि मल्हारीचा पंजा काही त्या फटीत शिरत नव्हता.

"मिस्त्री, ऱ्हाऊ द्या आता," बबनराव बाकावरून म्हणाले. "भाड्याची गाडी सांगतो पोरीला."

मल्हारी एरवी कुणाला ऐकून घेणारा नव्हे. पण आता तो पान्हे पुसून पेटीत टाकायला लागला. त्याची ती वाकलेली पाठ झुंबरबाईला बघवेना. पडदा सारून ती बाहेर आली.

"अवो, इकडं आणा तो हात."

"कशाला?"

"ऊस तोडणाऱ्या बायांचं हात बघितल्यात का कवा? तुमच्यापरास निबर असत्यात. त्यात सव्वादोन मापाची बारकी बांगडी चढवते मी. ती फट म्हंजी बांगडी समजा. माझा हात शिरंल, पण आटं लावणं तुमचंच काम."

बबनराव हसले. मल्हारी हसला नाही. त्याने मुकाट्याने हात पुढे केला.

तिने मगातलं पाणी घेऊन हाताला साबण चोळला. एकेका बोटाचं मूळ दाबत आणलं, अंगठा तळव्याखाली दुमडला. भर रस्त्यावर, दिवसाढवळ्या नवऱ्याचा हात धरायची तिची ही पहिलीच वेळ. लाज वाटलीच, पण हात थांबले नाहीत. नट त्याच्या दोन बोटांच्या चिमटीत दिला आणि पंजा फटीशी नेला.

"ताणू नका. हात ढिला सोडा."

"दुखतंय की गं!"

"नवरीसुदिक एवढं वरडत न्हाई. तिकडं बघा, रस्त्याकडं."

उसाचा ट्रॅक्टर चालला होता. मल्हारीने मान वळवली तेवढ्यात तिने रेटा दिला. बोटांची गाठ फटीत अडली आणि सुळकन आत गेली. पलीकडे बोटं उलगडली.

"लागला का?"

"थांब... थांब जरा..." आणि मग तो एवढ्यांदा ओरडला, की समोरच्या हॉटेलातली माणसं बाहेर आली. "आटं धरलं! झुंबर, आटं धरलं!"

पुढचं काम पान्ह्याचं होतं. हात बाहेर काढला तोही तिनेच. जॅक उतरला, नट आवळला, बबनरावांनी चावी फिरवली. मल्हारीने मडगार्डवर चहाचा भरलेला ग्लास ठेवला. थेंब सांडला नाही. गिअरचा दांडा शहाण्यासारखा उभा. बबनराव उगाचच पुन्हापुन्हा एक्सलेटर दाबत होते.

"आन् शटर?" झुंबरबाईने हळूच विचारलं.

"कसलं शटर?" मल्हारी म्हणाला.

हिरव्या बांगड्यांची पेटी मांडीवर घेऊन ती फियाटमध्ये पुढे बसली. मल्हारी खिडकीशी आला. हाताला साबण आणि ग्रीसचा काला झालेला. हॉटेलातली माणसं अजून उभीच होती. त्याने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, मग दोन्ही हात जोडले आणि खाली वाकून बायकोला नमस्कार केला. बांगड्या भरून झाल्यावर बायका करतात, अगदी तसा.

झुंबरबाईने पदर सावरला आणि त्याच्याच टोकाने डोळे टिपले.

"चला बबनराव," ती म्हणाली, "आन् वाटंतला पारगावचा पूल येईस्तवर मला काय इचारू नका."