ओहोटी नसलेलं पाणी

दर गुरुवारी संध्याकाळी लॅबमधून घरी आले की मी बदरुद्दीन चाचांना पाण्याचा निरोप पाठवते. त्या गुरुवारचा असा होता:

"चाचा, सलाम. उद्याचं पाणी. प्रवाह सेकंदाला चौतीस घनमीटर. तापमान साडेचार अंश, म्हणजे मासा जागा आहे पण आळशी. माशी खोल सोडा आणि हळू चालवा. पाणी हिरवट, मीटरभर आतलं दिसेल, म्हणून मोठी गुलाबी माशी लावा. सकाळी ओहोटी, दुपारी दोननंतर भरती. बारापर्यंत फिंतासवरून परत या."

माशी म्हणजे गळाच्या आकड्यावर दोऱ्याने बांधलेली पिसं. मासा तिला किडा किंवा कोळंबी समजून तोंड मारतो. मासा म्हणजे स्टीलहेड, ट्राउटचाच एक प्रकार. हा नदीत जन्मतो, समुद्रात जाऊन मोठा होतो आणि अंडी घालायला परत नदीत येतो. आणि नदी कॅनडात, ब्रिटिश कोलंबियाच्या उत्तरेला. मी राहते कुवेतमध्ये, सालमियात. या देशात एकही नदी नाही. मी जलविज्ञानात एमएस्सी केलं ते पुण्यात, आणि नोकरी लागली ती समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यात, पाण्यातलं मीठ मोजायची. वाहतं पाणी मला आठवड्यातून एकदा भेटायचं, चाचांसाठी, फोनवर.

चाचा मूळचे रत्नागिरीजवळच्या खाडीकाठचे. मीना अल-अहमदीला बाबांच्या प्लान्टवर एकोणतीस वर्षं स्टोअरकीपर होते आणि आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहायचे. मी नऊ वर्षांची असल्यापासून दर शुक्रवारी मला फिंतासच्या धक्क्यावर गळ टाकायला न्यायचे. दोन वर्षांपूर्वी नोकरी संपली, त्याबरोबर इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपला, आणि ते मुलाकडे, यासिरभाईकडे, कॅनडाला गेले. तिथे करमेना. मग शेजारच्या एका म्हाताऱ्याने त्यांना कमरेपर्यंतचा रबरी पायजमा दिला आणि नदीवर नेलं.

"धरायचा, बघायचा नि सोडून द्यायचा," पहिला मासा लागला त्या दिवशी ते फोनवर म्हणाले होते. "कायदाच हाय तसा. गावाला सांगितलं तर लोक मला खोलीत कोंडतील, गो."

नदीचं लांबलचक इंग्रजी नाव त्यांच्या जिभेवर बसलं नाही. ते तिला खाडी म्हणत. खडकांना आणि डोहांना त्यांनी कुवेतमधल्या आपल्या भागांची नावं दिली होती. एक सालमिया, एक हवल्ली, आणि प्रवाहाच्या मधोमध गोट्यांचं एक लांबट बेट होतं, ते फिंतास, कारण ते धक्क्यासारखं पाण्यात शिरलेलं होतं. काठ आणि बेट यांच्यामध्ये गुडघाभर पाणी असे. पहाटे नमाज झाली की ते काठी टेकत बेटावर जात आणि दुपारी परत येत.

भरती-ओहोटी हे शब्द माझे. वसंतात डोंगरावरचं बर्फ दिवसा वितळतं, रात्री थिजतं, म्हणून पाणी सकाळी कमी आणि दुपारनंतर जास्त. हे मी त्यांना तीनदा समजावलं होतं, आलेख काढूनसुद्धा. चौथ्यांदा मी कंटाळून म्हणाले, "भरती-ओहोटीसारखंच समजा ना." ते लगेच समजले. मला फार बरं वाटलं होतं.

शुक्रवारी सकाळी आकडे पुन्हा तपासायचे असा माझा नियम आहे. त्या शुक्रवारी मी तपासले नाहीत. एगैलाला शलाकामावशीकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं आणि आईने मला सकाळपासून कैऱ्या किसायला बसवलं होतं. गुरुवारी मी अंदाज मात्र पाहिला होता. रात्री चार मिलिमीटर पाऊस. शून्य अंशाची पातळी चोवीसशे मीटरवर, म्हणजे वर डोंगरातही बर्फ न पडता पाऊसच पडणार. दोन्ही आकडे मी वाचले. चार मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, असं म्हणून निरोपात घातले नाहीत. तो अंदाज खालच्या गावाचा होता. डोंगराचा मी पाहिलाच नाही.

दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी, एका हातात आंब्याच्या डाळीची द्रोणवजा वाटी आणि दुसऱ्या हातात फोन असताना मी वेबसाइटवर नदीचं पान उघडलं. बेटाच्या अठ्ठावीस किलोमीटर वर एक मोजणी केंद्र आहे. पहाटे साडेतीन, चौतीस. चार, एक्केचाळीस. साडेचार, बावन्न. पाच, त्र्याहत्तर.

मला आधी वाटलं यंत्र बिघडलंय. मग तापमान पाहिलं. ते अर्ध्या अंशाने उतरलं होतं. बर्फावर पाऊस पडून थंडगार पाणी खाली आलं की असंच होतं. यंत्र ठीक होतं.

कुवेत त्यांच्या दहा तास पुढे. तिथे सकाळचे सहा वीस. चाचा पावणेसहाला बेटावर गेलेले असणार. अठ्ठावीस किलोमीटर यायला पाण्याला साधारण अडीच तास. म्हणजे चढाव साडेसहाच्या सुमारास पोचणार.

मी त्यांना फोन लावला. वाजत राहिला. तो गाडीत असतो हे मला माहीत होतं. एक फोन नदीत बुडाल्यापासून ते नेत नाहीत. "मासे काय फोन करतात?" असं वर म्हणतात.

"जुईली, पन्हं तरी घे," शलाकामावशी म्हणाली.

"फोन ठेव आधी तो," आई म्हणाली. "ओटी भरतायत."

"आई, चाचा बुडतील."

शेजारच्या बाईंच्या ओंजळीतले भिजवलेले हरभरे जमिनीवर सांडले. आईने मला दंडाला धरून आतल्या खोलीत नेलं, दार लावलं आणि स्वतःचा फोन माझ्या हातात दिला. "दोन्हीवरून लाव. मी अमिरुन्निसाला लावते शलाकाच्या फोनवरून."

अमिरुन्निसा चाची पहाटेच्या नमाजानंतर झोपते. तिचा फोन वाजून वाजून बंद झाला. यासिरभाईचा फोन बंदच होता. तो बसगाड्यांच्या डेपोत मेकॅनिक आहे, सहाला कामावर लागतो, आणि फोन कपाटात ठेवावा लागतो. मी डेपोचा नंबर शोधला. पहिला नंबर तिकिटांचा निघाला, तिथे यंत्र बोलत होतं. दुसऱ्या फोनवरून मी तिथल्या पोलिसांना लावला. बाहेरच्या देशातून त्यांचा तीन आकडी नंबर लागत नाही, पूर्ण नंबर शोधावा लागला. त्यात चार मिनिटं गेली.

पोलिसांकडच्या बाईने शांतपणे विचारलं, "तो माणूस नेमका कुठे आहे?"

मी म्हणाले, "फिंतासला."

म्हटल्याबरोबर मला कळलं की मी काय बोलले. त्या नदीवरची एकही जागा मला तिच्या खऱ्या नावाने माहीत नव्हती. मी उपग्रहाचा नकाशा उघडला. चाचांचं बोलणं आठवत गेले. पूल. पुलाखाली दुसरं वळण. नदी दोन भागांत फुटते. बेटाच्या वरच्या टोकाला वाहून आलेल्या ओंडक्यांचा ढीग, त्यातला एक पांढरा, उभा, मशिदीच्या मनोऱ्यासारखा. नकाशात तो केसाएवढा पांढरा दिसला. मी अक्षांश-रेखांश वाचून दाखवले, दोनदा.

"बचाव पथक गोळा व्हायला आणि बोट उतरायला नव्वद मिनिटं लागतील," ती म्हणाली. "त्यांना म्हणावं पाण्यात उतरू नका."

नव्वद मिनिटं. तेवढ्यात पान ताजं झालं. साडेपाच, एकशे चार.

मागच्या एप्रिलमध्ये सत्तर घनमीटरला चाचांनी फोटो पाठवला होता, त्यात अर्धं बेट पाण्याखाली होतं. एकशे वीसला ते उरणारच नाही.

चार अडतीसला डेपोतल्या कुणीतरी फोन उचलला आणि यासिरभाईला हाक मारली.

"जुईली? स्लो बोल. काय झालं?"

"अब्बा फिंतासवर आहेत आणि पूर येतोय."

"फिंतास? ते कुवेतमध्ये—"

"पुलाखालचं बेट, यासिरभाई! दुसरं वळण. आत्ता नीघ. दोरी असेल तर घे."

"आईशप्पथ, मी कधी त्यांच्याबरोबर गेलोच नाही गं," तो म्हणाला. पळता पळता बोलत होता. "दरवेळी म्हणायचे, चल. मी म्हणायचो, नेक्स्ट वीक."

तो पोचला तेव्हा आमच्याकडे पाचला दोन मिनिटं कमी होती. त्याने व्हिडिओ लावला. जिचे आकडे मी दोन वर्षं वाचत होते, ती नदी मला पहिल्यांदा वाहताना दिसली. ती हिरवट नव्हती. दूध घातलेल्या चहाच्या रंगाची होती, आणि तिच्यावरून झाडाच्या फांद्या जात होत्या. आवाज असा की यासिरभाईला ओरडून बोलावं लागत होतं.

बेट अजून होतं, पण बारीक झालं होतं. ओंडक्यांच्या ढिगावर चाचा बसले होते. काठी मांडीवर आडवी, गळ शेजारी नीट ठेवलेला. ते घाबरलेले दिसत नव्हते. यासिरभाईला पाहून त्यांनी हात वर केला आणि तळवा खाली करून दोनदा हळूच दाबला. थांब. उतरेल.

"ते म्हणतायत थांब," यासिरभाई ओरडला. "ठीक आहे ना मग? बोट येईपर्यंत—"

"नाही! ते ओहोटीची वाट बघतायत. ओहोटी नाहीये. पाणी उद्यापर्यंत चढतच राहणार. बोटीच्या आधी बेट जाईल."

मी आकडेमोड करत होते, आईच्या हळदीकुंकवाच्या यादीच्या मागे. दर दहा घनमीटरला मधल्या पाण्यात साधारण बारा सेंटिमीटर वाढ. आत्ता पोचलंय ते साडेचारचं बावन्नचं पाणी, पाठोपाठ त्र्याहत्तर येतंय. आत्ता मांडीभर. अर्ध्या तासाने कमरेपर्यंत. त्यानंतर सदुसष्ट वर्षांचा माणूस उभा राहू शकणार नाही.

"बोलाव त्यांना. आत्ता. खालच्या टोकाकडून, जिथे पाणी पसरलंय, प्रवाहाबरोबर तिरकं."

"ऐकू जात नाहीये! अब्बा! अब्बाऽ!"

चाचांनी पुन्हा तळवा दाबला. कोकणातला माणूस. साठ वर्षं त्याने पाणी चढताना आणि उतरताना पाहिलेलं. आणि वर माझा निरोप.

यासिरभाई पाण्याकडे चालू लागला. पडदा हलायला लागला. "मी आत जातो."

"तू नको! तुला पोहता येत नाही. थांब. यासिरभाई, तुझ्याकडे लाल काही आहे?"

"काय?"

"लाल! कपडा, काहीही!"

"फडकं आहे, हात पुसायचं. का?"

फिंतासच्या धक्क्यावर आमचा एक कायदा होता. चाचांच्या लहानपणी वादळ यायचं असलं की बंदरावर धोक्याचा बावटा लागायचा. तीन नंबर लागला की होड्यांनी विचार न करता माघारी फिरायचं, जाळं तोडावं लागलं तर तोडून. धुळीचं वादळ दिसलं की चाचा आपला लाल रुमाल तीनदा वर करत आणि म्हणत, "तीन नंबर!" मग प्रश्न विचारायचा नाही. मासा लागलेला असला तरी दोरी कापायची आणि गाडीकडे पळायचं. एकदा मी मासा ओढत बसले होते, तर त्यांनी माझा गळच समुद्रात फेकून दिला होता. मी आठवडाभर बोलले नव्हते.

"तीनदा वर कर. थांब. परत तीनदा."

"वॉट इज दिस, जुईली—"

"कर!"

फोन बहुधा त्याने दगडावर ठेवला. मला आकाश दिसत होतं आणि कडेला त्याचा हात. तेलाने काळवंडलेलं लाल फडकं वर गेलं. एक, दोन, तीन. थांबला. एक, दोन, तीन.

"उठले," तो म्हणाला. मग ओरडला, "उठले! दोरी कापतायत. गळ टाकला. टोकाकडे येतायत."

त्यानंतर मला काही दिसलं नाही. पाण्याचा आवाज, आणि यासिरभाईचा आवाज लांब जात असलेला. "काठी! अब्बा, काठी टेका! इकडे! इकडे बघा!" मग नुसतं पाणी. पान पुन्हा ताजं झालं, सहा वाजताचा आकडा आला, एकशे एकतीस. मी तो मोठ्याने वाचला, कुणाला ते माहीत नाही. आईने माझा हात धरला होता. तिच्या हाताला हळद होती. बाहेर कुणीतरी गौरीची आरती सुरू केली आणि मध्येच थांबवली.

चार मिनिटं. मी घड्याळ पाहत होते, म्हणून सांगू शकते. चार मिनिटं आणि दहा सेकंद.

"धरलं," यासिरभाई म्हणाला. त्याला धाप लागली होती आणि तो रडत होता. "शेवटी पाय सुटले त्यांचे. दोरी फेकली. धरलं. काठावर आहेत. थरथरतायत. ओले आहेत पूर्ण."

"कपडे काढ. गाडीत हीटर लाव. हात चोळू नकोस, नुसतं पांघरूण घाल. पोलिसांना सांग ॲम्ब्युलन्स पाठवा."

दार आपटल्याचा आवाज आला. मग बराच वेळ हीटरची घरघर. मग चाचा. दात वाजत होते, शब्द तुटत होते.

"जुईली. गो. ओहोटी कितीला?"

मला खोटं बोलता आलं असतं. आई माझ्याकडे बघत होती.

"नाहीये, चाचा. तिथे ओहोटी नसतेच. मी तुम्हाला सोपं जावं म्हणून तसं सांगितलं होतं. आणि पावसाचा आकडा मी पाहिला होता. तो सांगितला नाही."

पलीकडे त्यांचे दात वाजत राहिले.

"तू म्हणालीस," ते शेवटी म्हणाले, "म्हणून बसलो होतो." रागाने नाही. मी त्यांना तापमान सांगते तसं.

यासिरभाईने फोन घेतला, ॲम्ब्युलन्स आली म्हणाला आणि ठेवला. मी खोलीतच बसून राहिले. सहा वाजता, म्हणजे तिथे आठला, बचाव पथकाने बोट न उतरवताच परत जायचं ठरवलं. वरच्या केंद्रावर तेव्हा एकशे अठ्ठ्याऐंशी होतं. मग दोनशे सहा. मग दोनशे एकोणीस. आई दोनदा आत येऊन गेली. आंब्याची डाळ सुकून वाटीला चिकटली होती. मी दर अर्ध्या तासाने पान ताजं करत होते, आणि आकडा दर वेळी चढलेला होता.