सदतीस नंबरची गाडी

दसरा म्हटलं की मला आधी किळस येते, मग सण आठवतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सकाळपासून चाकांखाली लिंबं फुटतात, नारळाचं पाणी आणि झेंडूच्या पाकळ्या मिळून चिखल होतो, आणि त्या चिखलात उभी राहून माणसं गाडीसोबत फोटो काढतात. वर्षभर त्याच गाडीच्या खिडकीतून रस्त्यावर थुंकणारी हीच माणसं.

घरातही सुटका नाही. सिन्नरहून सुलाआत्या येते आणि मिक्सर, वॉशिंग मशीन, वायफायचा डबा, समोर येईल त्याला कुंकू लावत सुटते. मागच्या वर्षी माझ्या लॅपटॉपच्या बटणांत हळद गेली. ती अजून निघालेली नाही.

माझा जीव आहे तो गाड्यांत. अमेरिकेत पूर्वी बाजारातली साधी मोटार ठोकूनठाकून शर्यतीला लावायचे, तिला स्टॉक कार म्हणतात. त्या जुन्या गाड्यांच्या वीतभर प्रतिकृती मी बनवतो. हे समजावून सांगायचा आता वीट आलाय. पाहुणे 'खेळणं छान आहे' म्हणतात आणि चिवड्याच्या तेलकट बोटांनी छपराला हात लावतात. मेहुणा हर्षल दर खेपेला विचारतो, "दाजी, ॲव्हरेज किती देते?" आणि स्वतःच हसतो. शिसारी येते मला त्या हसण्याची.

या वर्षीची गाडी मात्र वेगळी होती. निळी, फुगीर बॉनेटची, दोन्ही दारांवर पांढरा सदतीस. गाडीवरचे आकडे आणि नावं म्हणजे डेकल. कागद पाण्यात भिजवायचा आणि त्यावरचा चित्राचा पातळ पापुद्रा अलगद गाडीवर सरकवायचा. मी ते घरीच छापतो, पण साध्या प्रिंटरला पांढरा रंग छापता येत नाही. मी कपाळाला हात लावून बसलो होतो, तेव्हा अण्णा म्हणाले, "मी काढतो की."

अण्णा म्हणजे माझे वडील. ओझरच्या विमान कारखान्यात त्यांनी जन्मभर रंगकाम केलं. विमानांच्या अंगावर आकडे काढायचे ते. आता हात कापतात. डॉक्टर म्हणाले, हे वाढतच जाणार. तरीही पावसाळाभर ते खिडकीशी बसले. उजवं मनगट डाव्या मुठीत घट्ट धरायचं, श्वास रोखायचा आणि डेकलच्या कागदावर एक रेघ ओढायची. बिघडला कागद की फाडायचा. शेवटी दोन्ही दारांचे आकडे जमले. नीट पाहिलं तर कडांना बारीक लाटा होत्या. मला तर ते खऱ्या गाडीवरच्या आकड्यांपेक्षा आवडले. ब्रश पुसताना अण्णा म्हणाले, "झालं बाबा. आता पुन्हा नाय जमायचं." आणि ते खरंच होतं. हल्ली चहाचा कपसुद्धा त्यांना अर्धाच भरून द्यावा लागतो.

आकडे मी गाडीवर चढवले. वरून लॅकरचा, म्हणजे पारदर्शक वॉर्निशचा, हात तेवढा राहिला होता. दमट हवेत लॅकर पांढरं पडतं, म्हणून कडक उन्हाची वाट बघत होतो. तोवर पाणी लागलं तर डेकल सुटणार, म्हणून गाडी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली. बायकोला, म्हणजे वेदिकाला, बजावलं. आत्याला तर दरडावूनच सांगितलं. अण्णांना सांगायचा प्रश्नच नव्हता. रंगातलं त्यांना मी काय सांगणार?

दसऱ्याच्या सकाळी आपट्याची पानं घेऊन घरी आलो, तर गाडी टेबलावर. स्वच्छ पुसलेली. गळ्यात झेंडूची माळ, पुढच्या चाकाखाली चाकापेक्षा मोठं लिंबू, बॉनेटवर कुंकवाचं ओलं स्वस्तिक. पुढच्या जाळीत हळद जाऊन बसलेली. दारं कोरी निळी. शेजारच्या ओल्या फडक्याला दोन्ही सदतीस कांद्याच्या सालीसारखे गोळा होऊन चिकटलेले.

पानं जमिनीवर आपटली आणि मी ओरडलो, "कुणी केली ही घाण? ज्यानं हात लावलाय ना, त्याचे हात झडोत!"

आत्या स्वयंपाकघरातून धावत आली. "म्या नाय रे! देवाशप्पथ नाय! मला त्या फळीवर पोचतंय तरी का?"

"मग काय आपोआप खाली आली? माणसं आहात की कोण? दिसलं की फास कुंकू, दिसलं की फास कुंकू!"

वेदिका दारात उभी होती. "अमोल, पुरे," ती हळूच म्हणाली. ती माझ्याकडे बघतच नव्हती. खिडकीकडे बघत होती.

खिडकीशी अण्णा होते, नव्या सदऱ्यात. मी त्यांच्याकडे पाहिलं, मग बॉनेटकडे. स्वस्तिकाच्या प्रत्येक रेघेला बारीक लाट होती.

"इनॅमल रंग होता ना," अण्णा म्हणाले. "सुकला की पाण्यानं जात नाय. विमानं धुवायचो आम्ही. खालचा पापुद्रा सुटतो हे ध्यानात नाय आलं."

मी फडक्यावरचा एक सदतीस बोटानं उलगडायला गेलो, तो फाटला.

"लोकं खेळणं म्हणतात, तुला राग येतो," ते म्हणाले. "म्हटलं, गाडी हाय ती. दसऱ्याला गाडी बिनपूजेची कशी ठेवायची?"

तोंडातून गेलेला शब्द परत गिळता येत नाही. आपलीच जीभ उपटून त्या फडक्यात गुंडाळून टाकावी, असं वाटलं मला. मी जाऊन त्यांच्या पाया पडलो. तेवढंच सुचलं. नेहमी ते डोक्यावर हात ठेवतात. आज ठेवला नाही.

वर पाहिलं तर त्यांचा उजवा हात सदऱ्याच्या खिशात होता, मनगटापर्यंत खोल घातलेला. दुसऱ्या हातानं त्यांनी जमिनीवरचं एक पान उचललं.

"घे, सोनं घे," अण्णा म्हणाले, आणि दसऱ्याचं सोनं त्यांनी मला डाव्या हातानं दिलं.