दुर्बीणबाई कॅमेरा घ्यायला जातात

कापड कारखान्याच्या तपासणी खात्यात त्यांना सगळे दुर्बीणबाई म्हणायचे. त्यांना त्याचा राग येणं सोडाच, कुणी नुसतं 'बाई' म्हणालं की आपलं काहीतरी कापून घेतल्यासारखं त्यांना वाटायचं. काचेच्या टेबलाखाली दिवा, वरून सरकत जाणारं कापड आणि त्यावर बाईंची नजर, एवढाच सगळा कारभार. पण त्या नजरेतून एखादा तुटका धागा निसटेल तर शपथ. मोठे साहेबसुद्धा बाईंसमोर येताना आधी स्वतःची कॉलर चाचपून बघायचे. बाईंनी एकदा खोट म्हटलं की ती खोट. त्यावर अपील नाही.

अशा बाईंच्या घरात चिंगी वाढली. चिंगी म्हणजे धाकटी लेक. शिक्षण संपलं, उंचीनं आईला मागे टाकलं, तरी घरात नाव चिंगीच. तिला वेड फोटोंचं. मोबाइल हातात तापेपर्यंत फोटो काढायची, पण घरी दाखवायची सोय नव्हती. बाई फोटो घेऊन आधी त्याचे कोपरे तपासायच्या.

"हा खांब तिरका आलाय."

"आई, तो खांब मुळातच तिरका आहे गं."

"मग काढलास कशाला?"

चिंगी मोबाइल परत काढून घ्यायची.

तर या चिंगीला एक दिवस नाट्यगृहातून बोलावणं आलं. तिथं नाटकं बसवणारे एक मास्तर होते. ते म्हणाले, "शनिवारी रंगीत तालीम आहे. फोटो काढून दाखव. जमलं तर वर्षभराची सगळी नाटकं तुझी. अट एकच. फ्लॅश मारायचा नाही, माझे नट बिथरतात." चिंगीनं एका साध्या तालमीत मोबाइलवर प्रयत्न करून बघितला होता. त्या अंधुक उजेडात नाटकातल्या राजाचं नाक कुठलं आणि मिशी कुठली, ते खुद्द राजालाही सांगता आलं नसतं. म्हणजे कॅमेरा हवा, खराखुरा, आणि शनिवारच्या आत. नाहीतर स्वतःचा कॅमेरा गळ्यात अडकवलेला दुसरा एक जण मास्तरांच्या दारात उभाच होता.

पैसे बेताचे. अर्धे चिंगीनं शिकवण्या घेऊन साठवलेले, अर्धे बाईंच्या बोनसचे. अर्धे पैसे बाईंचे, म्हणून मत पूर्ण बाईंचं, हा त्या घरचा जुना कायदा.

"मी येते बरोबर," बाई म्हणाल्या. "तू भोळी. तुला कुणीही टोपी घालेल."

नव्याजुन्या कॅमेऱ्यांचं ते दुकान अरुंद होतं. समोर काचेचं कपाट, त्यात ओळीनं कॅमेरे, आणि पलीकडे स्टुलावर बसलेला दुकानदार. अंगात बारीक निळ्या रेघांचा शर्ट. चिंगीनं आपलं काम आणि आपलं बजेट एका दमात सांगून टाकलं. बाईंनी तिला कोपरानं ढोसलं. बजेट कधी आधी सांगतात का!

दुकानदारानं दोन कॅमेरे काढून ठेवले. एक कोरा करकरीत, खोक्यात बसलेला, दोन वर्षांची हमी, आणि लेन्स अशी की बटण दाबलं की लांबच लांब बाहेर यायची. दुसरा जुना. कडांचा रंग उडालेला, मुठीचं रबर झिजलेलं, आणि पुढे आखूडशी लेन्स, तिला झूमही नाही. किंमत दोन्हींची जवळपास सारखी.

बाईंचा निकाल तयारच होता. "हा नवा घे."

"आई, मला हा जुना हवाय," चिंगी हळूच म्हणाली. "याची लेन्स मोठी उघडते. थोड्या उजेडातसुद्धा चेहरा येतो. आणि आतला सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारा भाग, नव्याच्या कितीतरी पट मोठा आहे."

"अगं, याचा रंग बघ! कुणी विहिरीत टाकून काढल्यासारखा दिसतोय. आणि सारखीच किंमत? भाऊ, आम्ही काय आजच डोळे उघडले का?"

दुकानदार हसला. "ताई, दोन्हींनी फोटो काढून बघा ना. बघायला पैसे पडत नाहीत."

बाईंना हेच हवं होतं. त्यांनी जुना कॅमेरा चिंगीच्या हातात दिला, दुकानदाराला भिंतीशी उभं केलं आणि म्हणाल्या, "यांच्या शर्टाचा काढ. कापड कधी खोटं बोलत नाही." चिंगीनं फोटो काढला. बाईंनी पडद्यावर डोळे रोखले आणि क्षणात त्यांचा आवाज चढला.

"बघ! हे काय?"

शर्टाच्या बारीक रेघांवरून जाडजाड, वाकडेतिकडे पट्टे गेले होते. जांभळट, हिरवट. पाण्यात दगड टाकल्यावर उठतात तशा लाटा. शर्टावर तसलं काही नव्हतं. बाईंनी जवळ जाऊन, दुकानदाराची बाही ओढून, उजेडात धरून खात्री करून घेतली.

"कापड चोख आहे. म्हणजे खोट याच्यात आहे. ठेवा तो परत."

दुकानात आणखी दोघं-तिघं गिऱ्हाइकं होती, तीही माना वळवून बघायला लागली. दुकानदारानं कॅमेरा परत घ्यायला हात पुढे केला. आईनं खोट म्हटल्यावर आजवर घरात कुणी ब्र काढला नव्हता. बाबांनी नाही, थोरल्या भावानं नाही, तिनं तर नाहीच. पण शनिवार दोन दिवसांवर होता, आणि तो नवा कॅमेरा नेला तर राजाची मिशी पुन्हा नाकावर चढणार होती.

"आई," ती म्हणाली. "टेबलावर कापडात काही दिसलं आणि शंका आली, तर तू काय करतेस?"

"कापड फिरवते. डाग कापडाबरोबर फिरला तर कापडाचा. जागेवरच राहिला तर काचेचा. त्यात काय एवढं?"

"मग फिरव ना."

चिंगीनं दुकानदाराला जरा तिरकं उभं केलं आणि फोटो काढला. पट्टे राहिले, पण ते भलतीकडेच वळले होते. ती एक पाऊल पुढे गेली, पुन्हा काढला. पट्टे गायब! रेघ न् रेघ स्वच्छ. मागे सरकली, पुन्हा पट्टे, आणि तेही वेगळ्याच आकाराचे.

"कॅमेऱ्यात खोट असती तर ती एका जागी राहिली असती," चिंगी म्हणाली. "आत बारीक ठिपक्यांची जाळी असते, आणि शर्टाच्याही रेघा बारीक. दोन्ही एकमेकांवर आल्या की असे पट्टे उठतात. तू खिडकीच्या दोन जाळ्या एकीवर एक धरून बघ, तसंच दिसतं. हा कॅमेरा इतकं बारीक बघतो म्हणून ते आले. त्या नव्याला येणार नाहीत."

"नाही येणार ना? मग तो चांगला!"

"बघ तर खरं."

चिंगीनं नव्या कॅमेऱ्यानं फोटो काढला. पट्टा औषधालासुद्धा नाही. बाईंचा चेहरा खुलला. त्यांनी फोटो मोठा केला, अजून मोठा केला, आणि मग त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"रेघा कुठे गेल्या?"

"त्यानं पुसून टाकल्या."

रेघा खरंच नव्हत्या. नुसता निळा शर्ट, धुऊन धुऊन विरल्यासारखा. मग चिंगीनं दुकानदाराला विचारून दोन्ही कॅमेरे उचलले आणि आईला दुकानामागच्या कोठीत नेलं. तिथं खोक्यांच्या राशी होत्या आणि झरोक्यातून येईल तेवढाच उजेड. तिनं दोन्हींनी आईचा फोटो काढला. नव्यात बाईंच्या जागी एक करडा ढग आला. जुन्यात बाई आल्या. केसांतली चांदी, चष्म्याची दांडी, आणि पोरीकडे बघणारे डोळे, सगळं जिथल्या तिथं.

बाईंनी दोन्ही फोटो पुन्हा पुन्हा बघितले. चिंगीला वाटलं, आता मेले. खरं तर बाईंच्या मनात राग शोधूनही सापडत नव्हता. छाती मात्र उगाच भरून आली होती. ही कार्टी माझ्याच टेबलाची रीत घेऊन माझ्यावर उलटली, आणि काय मुद्द्याचं बोलली! हे हिला शिकवलं कुणी? आपणच की.

त्या बाहेर आल्या आणि काउंटरवर दोन्ही हात टेकून उभ्या राहिल्या.

"भाऊ, जुना द्या. कोणता घ्यायचा ते तिनं ठरवलं. भाव मात्र मी करणार."

पुढे जे झालं ते दुकानदार अजून विसरला नसेल. बाईंनी कॅमेरा फिरवून फिरवून एकेक चरा दाखवला, एकेका चऱ्याचे पैसे कापले, रबराचे वेगळे कापले, आणि शेवटी उरलेल्या पैशांत जादा बॅटरी आणि मेमरी कार्ड पदरात पाडून घेतलं. दुकानदारानं पावतीवर नाव विचारलं. बाईंनी चिंगीचं सांगितलं, आडनावासकट, स्पष्ट, शेजारच्या दुकानात ऐकू जाईल अशा आवाजात.

शनिवारी चिंगी संध्याकाळभर नाट्यगृहात होती. घरी आली ती उंबऱ्यातूनच ओरडत. मास्तरांनी फोटो एकेक करून बघितले होते, राजाच्या फोटोशी थांबले होते आणि म्हणाले होते, "याच्या कपाळावरचा घाम मला पहिल्या रांगेतून दिसत नाही, तुला बरा दिसला!" वर्षभराची नाटकं चिंगीची झाली. थोरल्यानं तिला उचलून गरगर फिरवलं. बाबांनी डोळे पुसले आणि धूळ गेली म्हणाले. बाईंनी फोटो बघितले, कोपरेसुद्धा बघितले, आणि दोन खांब तिरके असूनही गप्प राहिल्या.

सोमवारी कारखान्यात जेवणाची सुट्टी झाली. डबे उघडले. बाईंनी आपल्या डब्याला हात लावला नाही. त्या बाकावरून उठून उभ्या राहिल्या.

"ऐका गं सगळ्याजणी. मी चुकले."

अख्खं खातं घास हातात धरून बसलं. कुणीतरी घाबरून विचारलं, "बाई, कापड परत आलं की काय?"

"कापड नाही. कॅमेरा. खोट नसताना मी खोट म्हटलं. भरल्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, मोठ्या तोंडानं म्हटलं. आणि तिथल्या तिथं मला चूक दाखवून दिली. एक शब्द वाकडा न बोलता, अशी पुराव्यानिशी दाखवली की मला तोंड उघडायला जागा राहिली नाही."

"कुणी हो बाई? कुणाची एवढी छाती?"

बाई याच प्रश्नाची वाट बघत होत्या. मान ताठ झाली आणि आवाज पार यंत्रांपर्यंत गेला.

"माझ्या चिंगीनं! आहे का तुमच्यापैकी कुणाच्या घरात अशी पोर?"