तिरक्या रेघेचा संशय

मी एक तिरकी रेघ बोलतेय. स्वरलिपीच्या पाच आडव्या रेघांवर कलती उभी असते, डोक्यावर कॉर्डचं, म्हणजे एकदम छेडायच्या सुरांच्या जुडीचं, नाव. या ठोक्याला वरची कॉर्ड वाजवा, एवढंच मी गिटारवाल्याला सांगते. स्वभाव माझा संशयी आहे, आधीच सांगून ठेवते. संगणकात जन्मलं की असंच होतं. कोण कधी कुठलं बटण दाबून पुसून टाकील, नेम नसतो.

मला लिहिलं धाकटीनं. वाद्यवृंदाचं संगीत तीच मांडते आणि गिटार वाजवतो तिचा थोरला भाऊ, दादा. आजवर दादाच्या पानावर साध्या तिरक्या रेघा असायच्या, सुराला असते तशी उभी दांडी नसलेल्या. ठोक्याला एक रेघ. मग कसं वाजवायचं ते दादाचं दादा बघे. या खेपेला मात्र धाकटीनं पाचांतल्या मधल्या आडव्या रेघेवर खरे सूर लिहिले, त्यांची गोल डोकी बदलून आम्हा तिरक्या रेघा केल्या आणि दांड्या तशाच ठेवल्या. दांडी आली की हुकूम आला: इथे लांब वाजव, इथे आखूड, इथे गप्प बस. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

तो मूळचा सूर आमच्या पोटात राहतोच. त्याचा आवाज बंद करायचा असतो, नाहीतर संगणक भलतंच वाजवत सुटतो. धाकटीनं तो चालू ठेवला आणि लय उतरवून तोच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकत बसली. झालं, दादाची खुर्ची ही संगणकाला देणार. दादाचं एक बोट हिवाळ्यापासून आखडलंय, हे सगळ्यांना ठाऊक आहे. बोलत कोणी नाही. पण सख्ख्या बहिणीनं असं करावं? मला तिचा भयंकर राग आला.

तालमीत दादानं पान हातात घेतलं, चष्मा वर-खाली केला.

"आता हात कधी हलवायचा तेही तू सांगणार का मला?"

धाकटीनं मान खाली घातली. "पुढची कॉर्ड धरायला तुझ्या बोटाला वेळ मिळावा म्हणून लिहिलंय. संगणकावर हळू लावून बघितलं मी. पुरतो वेळ."

मी ओशाळले. दादा मात्र विरघळला नाही.

"बोट माझं आहे ना? मग काय सोडायचं ते मला ठरवू दे."

घरी येऊन धाकटीनं आम्हा सगळ्यांच्या दांड्या काढल्या. माउसचा बाण माझ्यावर बराच वेळ थांबला होता. आता ही पुसणार, असंच वाटलं मला.

कार्यक्रमात दादा झकास वाजवत होता. माझ्यापाशी आला आणि गिटार गप्प झाली. पुढच्या ठोक्याला कॉर्ड अशी दणक्यात आली, की ड्रमवाला हसला.

सध्या मी दादाच्या कागदांच्या फाइलमध्ये आहे, पानाच्या घडी पडलेल्या कोपऱ्याजवळ. मला त्यानं मुद्दाम सोडलं, की बोटानं त्याची साथ सोडली? हाच प्रश्न धाकटीच्या ओठांवर रोज येतो आणि ती तो गिळते. नव्या गाण्याचं पान तिनं कालच छापलं. दांडी एकाही रेघेला नाही.

तुम्हीही त्याला विचारू नका.